एकसष्ट खाडे

तिसऱ्या रांगेतल्या बाराव्या कागदापाशी पेन्सिलबाई थांबल्या. चष्मा सावरून, टाचा उंचावून भिंतीशी गेल्या, एक पाऊल मागे आल्या, पुन्हा पुढे झाल्या.

"मिस्त्री, हा सूर्य उलटा फिरलाय."

स्टुलावर चढून छताच्या दिव्याची वायर ओढत असलेल्या मिस्त्रींनी मान न वळवता विचारलं, कुठला सूर्य. बाईंनी सांगितलं, बारा मार्चचा. दहाला डागांचा मोठा पुंजका उजव्या कडेजवळ होता. अकराला थोडा डावीकडे सरकला, जसा सरकायला हवा तसा. बाराला एकदम डाव्या कडेला जाऊन बसला, आणि तेराला मुकाट्याने परत उजवीकडे.

"खुला दिवस आहे ना ताई आज," मिस्त्री म्हणाले. "पाहुणे यायचेत म्हणून त्यानेही जरा कसरत केली असेल."

एरवी बाई हसल्या असत्या. मिस्त्री घुमटाची यंत्रं सांभाळत, आणि त्यांच्या असल्या बोलण्यावर गेली कित्येक वर्षं बाईंची सकाळ सुरू होत असे. आज त्या हसल्या नाहीत. त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे सही होती. त्यांचीच, शेपूट ओढलेलं आद्याक्षर आणि खाली एक टिंब.

सकाळचे पावणेनऊ झाले होते. वेधशाळेच्या तळमजल्यावरच्या दालनात अजून झाडपूस चालली होती. समोरची अख्खी भिंत बाईंच्या वीस वर्षांपूर्वीच्या चित्रांनी भरून गेली होती. बारा महिन्यांच्या बारा रांगा, प्रत्येक दिवसाचा एक कागद, कागदावर तळहाताएवढं वर्तुळ आणि वर्तुळात त्या दिवशी सूर्यावर दिसलेले डाग. मूळ कागद वर दप्तरखान्यात होते, या त्यांच्या प्रती, जाड कागदावर छापून पारदर्शक प्लास्टिकखाली दोन-दोन स्क्रूंनी पक्क्या केलेल्या. एकूण तीनशे पासष्ट. वर निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एका डोळ्याने पाहिलेलं एक वर्ष. एकही खाडा नाही.'

तो डोळा बाईंचा. चौतीस वर्षं त्या दर सकाळी घुमटाची झडप उघडत, जुनी पितळी दुर्बीण सूर्यावर लावत, तिच्यातून उतरलेला उजेड फळीवरच्या कागदावर घेत आणि त्या उजेडाच्या चकतीत जे काळे डाग दिसतील ते जिथल्या तिथे पेन्सिलीने गिरवत. डाग खरा की कागदातलाच ठिपका अशी शंका आली तर कागद हळूच हलवायचा. त्याच्याबरोबर हलला तर तो कागदाचा, उजेडात जागच्या जागी राहिला तर सूर्याचा. गाभा गडद, कड फिकट. मग पुंजके मोजायचे, डाग मोजायचे, वेळ लिहायची, हवा कशी होती ते लिहायचं, खाली सही. वीस मिनिटांचं काम, पण त्या वीस मिनिटांपायी बाई कधी सलग आठ दिवस गावाला गेल्या नव्हत्या. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या असत, एक मऊ, एक कडक. त्यावरून कुणा विद्यार्थ्याने ठेवलेलं नाव आता संचालकांच्याही तोंडी बसलं होतं. ज्या दिवशी ढग असत त्या दिवशी बाई तसाच वर्तुळ छापलेला कोरा कागद घेत, तारीख घालत, 'ढग' एवढंच लिहीत आणि तोही बाकीच्यांबरोबर फाइलला लावत. तोही दिवसच की.

गेल्या दोन महिन्यांत या कागदांना एकाएकी भाव आला होता. संस्थेने बनवलेला कॅमेरा यानावर बसून वर्षभर सूर्याचे फोटो पाठवत होता. त्या फोटोंची बाईंच्या चौतीस वर्षांच्या चित्रांशी सांगड घालून इथल्या तरुण संशोधकांनी सूर्य यंदा किती खवळेल याचा अंदाज बांधला, आणि तो बरोबर निघाला. पेपरात पहिल्या पानावर बातमी, टीव्हीवर मुलाखती. त्यातली एक मुलगी मुद्दाम घुमटात चढून आली आणि बाईंना म्हणाली की प्रत्येकाचा डोळा डाग वेगळे मोजतो, कुणी जास्त, कुणी कमी, पण तुमचा डोळा चौतीस वर्षांत हललेला नाही. म्हणून जमलं हे. त्या संध्याकाळी बाई बसथांब्यावरून पुढे निघून गेल्या आणि घर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण चालतच आलो.

आणि आता हा बारा मार्च.

दुर्बिणीतून फळीवर पडणारा सूर्य आरशातल्यासारखा असतो. त्याची पूर्व उजवीकडे येते, म्हणून बाईंच्या कागदांवर डाग उजवीकडून डावीकडे चालतात. फोटोत पूर्व डावीकडे असते. तिथे ते डावीकडून उजवीकडे चालतात. हा कागद कुणीतरी फोटो समोर ठेवून काढला होता. हात मात्र तयार होता. फिकट कड तर बाईंपेक्षाही सुबक उतरली होती.

त्या पुढे सरकल्या. एप्रिलात असे तीन, मेमध्ये पाच. आता ओळखायला वेळ लागत नव्हता, कारण या सगळ्या कागदांवर वेळ एकच होती, आठ वाजून दहा मिनिटं. बाईंच्या स्वतःच्या वेळा कधी सात बावन्न, कधी आठ चाळीस, ऊन मिळेल तशा. त्या दोन जिने चढून दप्तरखान्यातून त्या वर्षीची नोंदवही घेऊन आल्या. खाड्याचे दिवस वहीत लाल रेघेने मांडलेले होते. एकसष्ट. एकेक तारीख वहीत बघायची, एकेक भिंतीवर. सगळ्या भरलेल्या होत्या. सतरा सप्टेंबरच्या लाल रेघेवर बोट आलं तेव्हा बाईंनी वही मिटली. त्या सतरा सप्टेंबरला त्यांचे यजमान गेले होते. नवव्या रांगेकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

साडेनवाला प्रसार अधिकारी आला. तिशीतला, चपळ, चोवीस तास कॉलरला माइक लावलेला, म्हणून त्याचं नावच माइक पडलं होतं. बाई त्याच्याकडे निघाल्या तेव्हा मिस्त्रींनी स्टुलावरून हळूच सुचवलं की आधी तो बंद आहे का बघा. माइक मनापासून हसला, बटण बंद करून दाखवलं आणि बाईंना म्हणाला, तुम्ही बाराच्या आधी भिंत बघायची नव्हती, सगळं सरप्राइज फुकट घालवलंत.

बाईंनी विचारलं, खाड्याचे कागद कुणी काढले. त्याने लपवलं नाही. उलट कौतुकाने सांगायला लागला. एक चित्रकार मुलगी होती, तिने तीन आठवडे नुसता तुमचा हात गिरवला, पेन्सिलींचे नंबरसुद्धा तुमचेच घेतले. फोटो सगळे खरे, दुसऱ्या वेधशाळांचे, त्याच त्या तारखांचे. मनाने एक ठिपका घातलेला नाही.

"लोक भिंतीसमोर फार तर दोन मिनिटं उभे राहतात, बाई. त्या दोन मिनिटांत त्यांना एकसष्ट भोकं दाखवायची का? हे तुमच्यासाठी केलंय. लोकांना दिसू दे की एक बाई वर्षभर एक दिवस चुकली नाही."

"चुकली ना पण."

"डाग होते त्या दिवशी. खोटं काय आहे त्यात?"

"डाग होते. मी पाहिले नाहीत."

"फरक काय पडतो?"

बाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जाई. घरच्यांना हे ठाऊक होतं, ऑफिसात कुणाला ठाऊक व्हायची वेळ आली नव्हती. माइकला त्यांचं पुढचं वाक्य ऐकायला वाकावं लागलं.

"खाली सही कुणाची आहे?"

माइक म्हणाला, ती कागदाचाच भाग म्हणून आली, बाकी कागदांवर आहे आणि यांच्यावर नाही असं विचित्र दिसलं असतं. मग घड्याळ बघितलं, साडेदहाला दार उघडायचंय म्हणाला, आणि आपण नंतर शांतपणे बोलू असं सांगून निघून गेला. बाई शांतच होत्या. त्याच्या लक्षात आलं नाही एवढंच.

संचालकांनी बाईंना बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. माणूस वाईट नव्हता, वाईट बातमी मात्र त्याला सोसत नसे. ते म्हणाले, तत्त्वतः तुमचं बरोबर आहे. उद्या-परवा भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक खुलासा टाकून देऊ. बाईंनी सांगितलं की नुसती भिंत नाही. बारा वाजता प्रमुख पाहुणे बटण दाबणार आणि हेच तीनशे पासष्ट कागद वेबसाइटवरून शाळाशाळांत जाणार. मुलं त्यांच्यावरून मोजणार, कुणी त्याचे आलेख काढणार. एकदा बाहेर पडलेला कागद कुठे कुठे जाऊन कुणाच्या हिशेबात शिरेल त्याला धरबंध नाही. ते एकसष्ट तेवढे आज काढा.

"निमंत्रणावर तीनशे पासष्ट छापून गेलंय, बाई."

"मग निमंत्रण चुकलं."

संचालकांनी चहाचा कप बाईंच्या बाजूला सरकवला. म्हणाले, सात महिन्यांनी तुम्ही निवृत्त व्हाल, त्यानंतर हे हाताने चित्र काढणं तसंही बंदच करायचं ठरलंय. यानाचा कॅमेरा आहे, माणूस कोण बसवणार. ही भिंत म्हणजे आम्ही तुम्हाला दिलेला निरोप आहे. गोडीने घ्या.

बंद करायचं ठरलंय हे बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. ज्या डोळ्याची पेपरात तारीफ, त्या डोळ्याला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ना बंद करताना, ना त्याच्या नावावर न पाहिलेलं खपवताना.

"साहेब, चौतीस वर्षं मी या इमारतीत आवाज चढवला नाही," त्या उठत म्हणाल्या. "आजही चढवत नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय मी विनंती करायला आले होते."

घुमटाच्या लोखंडी पायरीवर बसून त्यांनी फोन काढला. दर महिन्याचे आकडे ज्या परदेशातल्या केंद्राला जात, त्या केंद्राचा पत्ता फोनमध्ये होताच. एका बोटाने टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. अमुक वर्षाच्या माझ्या चित्रांचा संच आज प्रसिद्ध होतो आहे, त्यातली पुढे दिलेल्या एकसष्ट तारखांची चित्रं माझी नाहीत, त्यांवरची सही माझी नाही, ती कुठेही धरू नयेत. खाली एकसष्ट तारखा. एकही वहीत न बघता घातली नाही. त्या यादीत सतरा सप्टेंबर इतर साठांसारखाच, स्वल्पविराम आणि पुढची तारीख. तीच चिठ्ठी त्यांनी संचालकांनाही पाठवली. केंद्राकडून मिनिटभरात छापील पोच आली. संचालकांकडून काही आलं नाही.

पत्र गेलं तरी राग गेला नव्हता. उलट आता त्याला हातपाय फुटले होते. पत्र जगासाठी झालं. पण खाली भिंत होती, आणि साडेदहाला दार उघडून माणसं आत येणार होती.

त्यांनी मिस्त्रींकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. मिस्त्रींनी कारण विचारलं नाही, भिंतीकडे बघितलं.

"मला कुणी विचारलं ताई, तर मी काही पाहिलं नाही."

"पाहिलं असेल तर पाहिलं म्हणा, मिस्त्री."

मिस्त्री ओशाळले. स्क्रूड्रायव्हर देऊन गेले आणि पाच मिनिटांनी शिडीही घेऊन आले. खाली शिडी धरून उभे राहू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, तुमची नोकरी अजून चार वर्षं आहे, तुम्ही दिवे बघा. दप्तरखान्यातून त्यांनी कोऱ्या कागदांचा खोका आणला. त्या वर्षीचे सगळे खाडे त्यात होते. भिंतीवर लावण्याच्या लायकीचे नाहीत म्हणून माइकच्या माणसांनी वेगळे काढून बांधून ठेवलेले. जुने कागद प्रकाशात लावायचे नसतात हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं, पण कोऱ्या वर्तुळाचं ऊन काय करणार.

त्यांनी वरून सुरुवात केली, जानेवारीपासून, तारखेच्या क्रमाने. चौतीस वर्षांत क्रम सोडून काही केलं नव्हतं. राग आला म्हणून क्रम सोडायचा असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दोन स्क्रू काढायचे, सुबक चित्र खाली घ्यायचं, त्या तारखेचा कोरा कागद लावायचा, दोन स्क्रू पिळायचे. ढग. ढग. पाऊस. ढग. झडप अडकली. ढग. फेब्रुवारी संपायच्या आत दार उघडलं आणि दालन माणसांनी भरलं. शाळेची पोरं, त्यांचे शिक्षक, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप, मान वर करून बघणाऱ्या म्हाताऱ्या. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. शिडीवर चढून स्क्रू पिळणारी पिकल्या केसांची बाई म्हणजे संस्थेचीच कुणीतरी कामाची बाई असणार. एका गृहस्थांनी तर त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. बाईंनी सांगितलंही.

मार्चच्या रांगेत माइकने त्यांना पाहिलं. गर्दीतून वाट काढत आला, तोंडावर हसू तसंच ठेवून दातांच्या फटीतून म्हणाला की बाई, खाली उतरा, हे संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान आहे. बाईंनी बारा मार्चचा कागद काढून त्याच्या हातात दिला.

"हा घ्या. तुमचा आहे."

"आम्ही रात्रंदिवस एक करून ही भिंत उभी केली, त्याची काही किंमत आहे का तुम्हाला?"

"तुम्ही तीन आठवडे केलंत. मी एकसष्ट दिवस काहीच केलं नाही, आणि ते न केलेलं तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत."

चार माणसं वळून बघायला लागली तसा माइक फोन कानाला लावून बाजूला झाला. बाहेरच्या बाजूला त्याच्या येरझाऱ्या दिसत होत्या. बाईंनी एप्रिल संपवला, मे संपवला. हात भरून आले होते. जून वाईट होता, त्या महिन्यात ढगच ढग, एकट्या जूनमध्ये सोळा खाडे.

जूनमध्येच त्या अडकलेल्या असताना लेक आली. बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ठेवणीतली साडी नेसून, आईच्या सत्कारासाठी. आई शिडीवर का आहे हे तिने विचारलं नाही. आईच्या ऑफिसात आई काहीबाही करतच असते, असं तिला लहानपणापासून माहीत होतं. ती भिंत बघत हळूहळू पुढे गेली. निळी पट्टी वाचली. मग कुणालाही आपल्या घरची तारीख शोधावीशी वाटते तशी तिने नववी रांग शोधली, कमरेच्या उंचीवर होती ती, आणि साडी सावरत वाकली.

"आई."

बाईंनी वरून पाहिलं. ती नवव्या रांगेपाशी वाकलेली होती.

"आठ दहा," लेक म्हणाली. तिचाही आवाज आईसारखाच खाली गेला होता. "तू आठ दहाला इथे होतीस?"

बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चार दिवस मावशीकडे ठेवलेली. तिला कुणी नेलं नाही, शेवटचं दाखवलं नाही. नंतर सगळ्यांनी एकच सांगितलं, आई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. त्या एका वाक्यावर तिने बरंच काही सोसलं होतं. शाळेची संमेलनं आईविना, आजारपणातल्या सकाळी शेजारच्या काकूंच्या हातची औषधं, वीस मिनिटांत आले असं सांगून गेलेली आई.

बाई शिडीवरून उतरल्या. एकेक पायरी चाचपत. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती सहीकडे बघत होती.

"ते मी काढलेलं नाही."

"सही आहे तुझी."

"सहीही मी केलेली नाही. यांनी भरलंय हे सगळं. मोकळी जागा दिसायला नको म्हणून."

लेक उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काही आलं नाही. ती म्हणाली, "मला क्षणभरसुद्धा खोटं वाटलं नाही, आई. म्हटलं, गेली असेल. तू गेली असतीस."

आजच्या दिवसात बाईंना पुष्कळ काही ऐकावं लागलं होतं. फरक काय पडतो हेही ऐकून झालं होतं. त्याचं उत्तर असं समोर उभं राहील, ठेवणीतल्या साडीत, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आवाज खाली गेला नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो भिंतीवर आपटून परत आला. जवळपासची माणसं बोलायची थांबली. दाराशी माइकने फोन कानावरून खाली घेतला.

"आठ वाजून दहा मिनिटांनी मी कापसाने त्यांचे ओठ ओले करत होते. खिडकीला जाड पडदा होता. बाहेर ऊन होतं का ढग, मला माहीत नाही. मी उठून पाहिलं नाही. त्या दिवशी मी सूर्य पाहिला नाही."

माइक पुढे आला. चेहरा उतरला होता त्याचा. तो त्या कागदापाशी गुडघ्यावर बसला आणि नखाने स्क्रू फिरवायला लागला. म्हणाला, मला माहीत नव्हतं बाई, खरंच, आम्ही तारखा नुसत्या यादीवरून घेतल्या.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

तो उठला. बाई क्रम सोडून, जून अर्धा टाकून, नवव्या रांगेपुढे जमिनीवर बसल्या. एक स्क्रू निघाला, दुसरा निघेना. लेकीने खाली बसून त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, जोर लावून तो काढला आणि चित्र न बघता उलटं करून ठेवलं. मग खोक्यात बोटं घालून सप्टेंबर चाळायला लागली. ढग. ढग. पाऊस. सतरा तारखेचा कागद तिने बाहेर काढला आणि तो हातात धरून तशीच राहिली.

अक्षर आईचं नव्हतं. मोठं, बसकं, कामकरी हाताचं अक्षर होतं. त्या सकाळी घुमटात दुसरं कुणी नव्हतं आणि कागद फाइलला लागायलाच हवा हे मिस्त्रींना ठाऊक होतं. वर्तुळ कोरं होतं. खाली तारीख, आणि तारखेपुढे लिहिलं होतं: 'ऊन स्वच्छ. ताई आल्या नाहीत.'

बाईंनीही तो कागद इतक्या वर्षांत नीट वाचला नव्हता. वहीत लाल रेघ ओढताना नुसती तारीख पाहिली होती. त्यांनी मान वर करून मिस्त्रींना शोधलं. मिस्त्री पलीकडच्या कोपऱ्यात पाठ करून एका जळत असलेल्याच दिव्याचा होल्डर तपासत होते.

दोघींनी मिळून तो कागद लावला. लेकीने कडा सरळ धरल्या, बाईंनी स्क्रू पिळले. भिंतीपलीकडच्या सभागृहात भाषणं सुरू झाली होती. संचालकांचा आवाज लाउडस्पीकरवरून इकडेही येत होता. ते सांगत होते की एका साध्या पेन्सिलीच्या जोरावर एका बाईंनी वर्षभर एकही खाडा न करता सूर्यावर नजर ठेवली, त्या बाई आज आपल्यात आहेत, त्यांनी मंचावर यावं. टाळ्या पडल्या. थांबल्या. कुणीतरी पुन्हा विनंती केली, आणि पुन्हा थोड्या कमी टाळ्या पडल्या.

"बोलावताहेत," लेक म्हणाली.

बाईंनी गुडघ्यांवर हात देऊन उठायचा प्रयत्न केला, तिने हात दिला तेव्हा उठल्या. पदर खोचला. शिडीपाशी जाऊन वर पाहिलं.

"जूनमधले नऊ राहिलेत," त्या म्हणाल्या. "तारखेने दे."